बारा पट्ट्या आणि बंडगर मामा

‘मामा, बसा की,’ असं बंडगर मामांना कुणी म्हणालं की ओळखायचं, माणूस कॉलेजात नवीन आहे. जुन्यांपैकी कुणी हे म्हणण्याच्या फंदात पडत नसे, कारण बंडगर मामा बसत नसत. स्टाफ मीटिंगला ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे, तेही एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. चहाचा कप हातात आला की तो घेऊन मैदानाला एक चक्कर मारायचे आणि रिकामा कप घेऊन परत यायचे. दुपारची भाकरी खिडकीपाशी उभं राहून, तळहातावर ठेवून. पायाला भिंगरी लावलेली माणसं मी खूप पाहिली, पण ही भिंगरी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत थांबली नाही.

मी भूमच्या ह्या कॉलेजात परीक्षा विभाग सांभाळते. चिडकी आहे, हे मला ठाऊक आहे, घरचे रोज सांगतात. त्यात माझं टेबल लॅबच्या दाराला लागून. दिवसातून पन्नास वेळा मामा माझ्यासमोरून इकडून तिकडं जायचे.

“मामा, जरा एका जागी उभे तरी राहा. मला गरगरायला लागलंय.”

“तुमी लिवा की म्याडम. म्या काय तुमच्या कागदावरनं चालतो व्हय?”

मी हात टेकले ते कायमचे.

आता ते निवृत्त झालेत आणि भाच्याच्या मेंढरांबरोबर हिंडतात, असं ऐकते. कधी कोण त्यांना नगरकडच्या रानात बघतं, कधी कोण बार्शीच्या रस्त्याला. फोन असतो, पण उचलत नाहीत. लॅबमधून काही विचित्र आवाज आला की माझी मान अजून दाराकडं वळते.

मामांचं घर वालवडच्या पुढच्या एका वस्तीवरचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. दहावीपर्यंत अर्धं वर्ष शाळा आणि अर्धं वर्ष रान असं त्यांचं चाललं होतं. बसलं की डोळा लागतो आणि डोळा लागला की कळपात एक कमी होतं, एवढं त्यांना बापानं शिकवलं होतं आणि ते त्यांच्या हाडात मुरलं होतं. दुसरी शिकवण मोजण्याची. लॅबमध्ये चोवीस खुर्च्या, चोवीस पडदे, चोवीस कीबोर्ड, चोवीस माऊस. सकाळी दारापासून भिंतीकडं मोजत जायचे आणि संध्याकाळी भिंतीपासून दाराकडं मोजत यायचे. “जाताना येगळं मोजायचं, येताना येगळं. दोन्ही जुळलं तर खरं.”

एकदा माऊस पंचवीस भरले. एक कमी भरला असता तर कुणीही समजून घेतलं असतं. एक जास्त आहे म्हणून दिवसभर बेजार झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. तीनदा मोजून झालं. मी म्हटलं, “अहो, असू द्या की. एखादा बिघडला तर कामाला येईल.” तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच तो चोरून आणला होता.

“म्याडम, दुसऱ्याचं मेंढरू आपल्यात शिरलं तर आपल्याला जेवण जातं का?”

दुपारपर्यंत त्यांनी ऑफिस, ग्रंथालय, प्राचार्यांची केबिन सगळं पालथं घातलं. शेवटी कळलं की तो माऊस ग्रंथालयातला. एका मुलीनं तिथं फॉर्म भरला आणि वहीबरोबर तो पिशवीत घालून लॅबमध्ये आणून ठेवला. मामांनी तो ग्रंथपालांच्या हातात दिला, त्यांच्याकडून मोजून घेतला, मग भाकरी खाल्ली.

खरं तर हा माणूस कॉलेजात माळी म्हणून लागला होता. लॅब झाली तेव्हा सर्व्हर बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला. सर्व्हर म्हणजे चोवीस पडद्यांच्या मागचं एकच मोठं मशीन. आमचे पडदे नुसते पडदे, डोकं सगळ्यांचं मिळून एक, कोपऱ्यातल्या जाळीच्या कपाटात. इंजिनिअर तीन दिवस काम करत होता आणि मामा तीन दिवस हातात झारी घेऊन खिडकीबाहेर उभे. झाडं वाळली असती, पण तिसऱ्या दिवशी इंजिनिअरनं स्वतःच आत बोलावलं. मामांनी त्याला एकच प्रश्न विचारला. “सायेब, ह्याच्या पोटात दुखलं तर ते सांगतं कसं?”

इंजिनिअर हुशार होता, हसला नाही. मशीन सुरू होताना काही बिघडलं असेल तर शिट्टी मारतं, किती वेळा मारतं त्यावरून दुखणं कळतं, हे त्यानं समजावून सांगितलं. मामांनी त्या शिट्ट्या पाठ केल्या. पुढं स्क्रूड्रायव्हर धरायला शिकले, रात्रशाळेसारखा कसलासा कोर्स केला आणि माळ्याचे लॅब अटेंडंट झाले. पण शिट्टीचा कान कायम राहिला. मैदानात असले तरी कान टवकारायचे. “तीनदा वरडलं. रॅम हाय,” असं म्हणत पळत यायचे, आणि रॅमच असायची.

रॅम म्हणजे मशीनची काम करतानाची आठवण. हिरव्या पट्ट्या असतात, बोटभर रुंद, वीतभरापेक्षा कमी लांब. आत बारा खाचा, त्यात त्या बसवायच्या. आमच्या मशीनला पहिल्यापासून सहाच पट्ट्या होत्या.

वर्षातून एकदा, श्रावणात, मामा मशीन उघडून धूळ काढायचे. त्याचा एक सोहळाच असायचा. चपला बाहेर. टेबलावर बापाची काळी घोंगडी अंथरायची. तिच्यावर मशीन ठेवायचं. घोंगडीच्या कोपऱ्यावर चिमूटभर भंडारा. त्यांच्या घरात नवं किंवा मोलाचं काहीही आलं, कोकरू असो, पाळणा असो की शिवणयंत्र, ते आधी घोंगडीवर ठेवायचं अशी रीत होती. प्राचार्य नवे आले तेव्हा ह्याला हसले होते. मी हसले नाही. मी फक्त म्हटलं, “मामा, लवकर आवरा, मला प्रवेशाचे अर्ज काढायचेत.”

आता जे सांगायचं ते गेल्या पौषातलं.

परीक्षा कम्प्युटरवर आल्यापासून आमचं कॉलेज केंद्र होतं. त्या वर्षी परीक्षेचा नवा प्रोग्रॅम आला आणि बरोबर पत्र आलं. चोवीसच्या चोवीस जागा एकदम, तासभर, न अडकता चालल्या पाहिजेत. शनिवारी तपासणीला माणूस येईल. चाललं तर केंद्र राहील, नाहीतर केंद्र धाराशिवला.

आम्ही प्रोग्रॅम चढवून बघितला. आठ जागांपर्यंत ठीक चाललं. नववी सुरू केली आणि सगळे पडदे गोठले. मामांनी कपाटावर कान ठेवला. “डोकं लहान पडतंय. रॅम वाढवावी लागंल.”

प्राचार्य म्हणाले, मशीनच जुनं झालंय, नवीन पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण त्याच दिवशी सकाळी माझ्या टेबलासमोर पाथरूडकडच्या एका वाडीवरचे आजोबा येऊन बसले होते. नातीची चौकशी करायला आले होते. केंद्र हलणार अशी बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती.

“भूमला यष्टी दारातनं जाती,” आजोबा म्हणाले. “सकाळी येती, दुपारी घरी. धाराशिवला म्हंजी दोन गाड्या बदलायच्या, दिवस बुडायच्या आत पोरगी घरी येत न्हाय. तिथं पेपर असला तर आमी धाडणार न्हाय, म्याडम.”

“आजोबा, एका पेपरासाठी वर्ष वाया घालवता का तिचं?”

“वरीस जाऊ द्या. शिकली तेवढी बास.”

मी भडकले. नको ते बोलले. आजोबा शांतपणे ऐकत होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. ते भांडायला आलेच नव्हते, सांगायला आले होते. जाताना मला नमस्कार करून गेले. आणि मामा नेहमीसारखे दाराच्या चौकटीला उभे होते, सगळं ऐकत.

“अशा किती पोरी हायेत?” त्यांनी विचारलं.

“यादीत एकोणतीस मुली आहेत. त्यातल्या सात-आठ तरी अशा. ही तर पहिलीच सांगून गेली.”

“नाव काय हिचं?”

मी नाव सांगितलं, प्रियांका. मुलगी काही त्यांनी पाहिलेली नव्हती, आमच्याकडं बाहेरून परीक्षेला बसणारी होती ती. मामा मैदानाला दोन चकरा मारून आले आणि रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. दोन दिवस.

तपासणीला पाच दिवस राहिलेले आणि हा माणूस रजेवर. फोन बंद. माझा जीव टांगणीला लागला आणि तोंडातून त्यांच्याविषयी जे निघायचं ते निघालं. नंतर कळलं, मामा एसटीनं बार्शी, धाराशिव, कळंब असे फिरत होते. दुकानदार हसत होते. असल्या जुन्या मशीनची रॅम आता येत नाही, आजची पट्टी त्या खाचेत बसतच नाही. शेवटी कळंबच्या पुढं एका साखर कारखान्यात त्यांना आमच्यासारखंच भंगारात काढलेलं मशीन सापडलं, आणि तिथल्या स्टोअरकीपरकडं त्याच्यासाठी आणून ठेवलेल्या, कधीच न वापरलेल्या आठ पट्ट्या. आमच्या पट्ट्या चार-चार जीबीच्या, ह्या आठ-आठच्या, म्हणजे दुप्पट आठवणीच्या. संचालकांना अर्ज लिहून, दोन तास कारखान्याच्या आवारात येरझाऱ्या घालून त्यांनी त्या मिळवल्या.

गुरुवारी दुपारी ते आले. कपड्यांवर धूळ, डोळे लाल, पण चेहरा असा की मला रागावताच येईना. पिशवीतून आठ चंदेरी पाकिटं काढली. जुन्या सहा काढायच्या, नव्या आठ बसवायच्या. चोवीस जागांना पुरून उरतील, असा त्यांचा हिशेब होता.

टेबलावर घोंगडी अंथरली. कोपऱ्यावर भंडारा. मग त्यांनी आठही पट्ट्या पाकिटातून काढल्या आणि घोंगडीवर ओळीनं मांडल्या. डावीकडून मोजल्या, उजवीकडून मोजल्या. घोंगडीच्या दुसऱ्या टोकावर मशीन. हात जोडले. मी घड्याळाकडं बघत होते.

बसवल्या. बटण दाबलं. मशीन तीनदा ओरडलं.

काढल्या, पुसल्या, पुन्हा बसवल्या. पुन्हा तीनदा. मग एकेक पट्टी एकटी लावून बघायला सुरुवात केली. संध्याकाळचे साडेपाच वाजले तेव्हा कळलं, सहा चांगल्या आहेत आणि दोन मेलेल्या.

“स्टोअरमधी पडून खराब झाल्या असतील,” मी म्हटलं.

“पाकिटं फोडलेली नव्हती, म्याडम. नव्या हायेत ह्या.”

मला माझे कागद आवरायचे होते. त्यांच्यावर घोंगडीचं टोक आलं होतं, ते मी उचललं, बाजूला टाकलं आणि लोखंडी कपाटाला हात लावला. बोटाला चट्‌ करून चटका बसला, ठिणगी दिसली सुद्धा. पौषातली आमच्याकडची हवा अशी कोरडी असते की अंगावरून स्वेटर काढताना तडतडतं. आणि मी, सवयीप्रमाणं, विचार न करता बोलून गेले.

“मामा, ह्या घोंगडीनंच खाल्ल्या वाटतं तुमच्या पट्ट्या.”

मामा जागच्या जागी उभे राहिले. पाय हलत नव्हते. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा बघत होते आणि मला ते बघवेना. कारण त्यांना हे माहीत होतं. लोकरीत वीज साठते, ती पट्टीला मारते, हे ते दरवर्षी पोरांना शिकवायचे. मशीनला हात लावण्याआधी लोखंडाला हात लावा, असं ओरडून सांगायचे. श्रावणात दमट हवेत घोंगडीनं कधी काही केलं नव्हतं, आणि श्रावणात त्यांनी पट्ट्या कधी बाहेर काढून मांडल्याही नव्हत्या. नव्या होत्या म्हणून मांडल्या. घरात नवं आलं होतं.

“बापाची हाय ही,” ते म्हणाले. एवढंच.

मी जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता. त्यांनी घोंगडीची चार पदरी घडी घातली आणि बाहेर बाकावर नेऊन ठेवली. परत आले. “तिची काय चूक न्हाय. पाकिटातनं म्या काढल्या. म्या.”

शुक्रवार हा माझ्या नोकरीतला सगळ्यात लांब दिवस. नव्या सहांवर मशीन सुरू झालं. अठरा जागा चालल्या, एकोणिसावीला पडदे गोठले. कारखान्यात आणखी पट्ट्या नव्हत्या. मामांचे पाय पुन्हा सुरू झाले होते, पण चाल बदलली होती. लॅबमधून मैदानात, मैदानातून रस्त्यापर्यंत, रस्त्यावरून परत, जणू कुठं तरी काही तरी पडलंय ते शोधतायत. मी ओरडणार होते, पण आदल्या दिवसाची आठवण होती, म्हणून तोंड मिटून बसले.

जुन्या सहा पट्ट्या टेबलावर पडून होत्या. नव्यांच्या मागं त्या लावल्या तर बाराच्या बारा खाचा भरत होत्या. हे मामांना माहीत होतं आणि तेच त्यांना नको होतं. मी शेवटी विचारलंच.

“जुन्या ढिम्म हायेत, म्याडम. नव्या पळणाऱ्या. दोन्ही एकत्र घातल्या की नव्यांना पण जुन्यांच्या चालीनं चालावं लागतं. मशीनची रीतच ती. लंगडं मेंढरू कळपात घेतलं की समदा कळप लंगड्याच्या चालीनं.”

“मग?”

“मग काय. मला न्हाय सोसत.”

आणि गेले पुन्हा मैदानात. खरं कारण हे होतं. ह्या माणसाला सावकाश चालणारं काही सहन होत नव्हतं. एसटी घाटात हळू झाली तर हे खाली उतरून चालत निघायचे.

दुपारी तीनच्या सुमाराला आले. घाम आलेला, भर थंडीत.

“म्याडम, सावकाश चाललं तर पोरी नापास हुतील का?”

“किती सावकाश?”

“एक प्रश्न झाला की दुसरा यायला एक श्वास जास्ती लागंल.”

“एक श्वास कुणीही थांबेल मामा. तुम्ही सोडून.”

ते हसले. दोन दिवसांनी हसले. मग कामाला लागले. ह्या वेळी टेबल उघडं, नुसतं लाकूड. एका हाताची मूठ सारखी कपाटाच्या लोखंडावर. मोठ्या सहा पट्ट्या पुढच्या पांढऱ्या खाचांत, जुन्या सहा मागच्या काळ्या खाचांत. प्रत्येक पट्टी बसली की दोन्ही बाजूंनी टक्‌ असा आवाज यायचा आणि मामा मान हलवायचे. बारा वेळा मान हलली. बटण दाबलं.

मशीन ओरडलं नाही. पण पडद्यावरही काही येईना. नुसता काळा.

दोन मिनिटं. चार मिनिटं. पंखा घरघरत होता आणि पडदा काळा. प्राचार्य येऊन मागं उभे राहिले. “हँग झालंय. बंद करा, परत चालू करा.” माझं पण तेच मत होतं. मी तर हात बटणाकडं नेलाही.

“म्याडम, हात काढा,” मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मी हात काढला. “मोजतंय ते. नवी आठवण घातली की पहिल्यांदा समदी तपासून घेतं, एकेक घर. मधीच बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासनं मोजंल.”

“किती वेळ लागेल?”

“मोजायला जेवढा लागतो तेवढा.”

सहा मिनिटं. मामा मशीनकडं पाठ करून खिडकीशी गेले आणि दोन्ही हातांनी गज घट्ट धरले. धरले नसते तर ते बाहेर निघून गेले असते, हे मला दिसत होतं. “म्या बघत न्हाय. तुमी बघा आन सांगा.” प्राचार्य घड्याळ बघत होते. मी पडद्याकडं बघत होते आणि मनात त्या आजोबांना शिव्या घालत होते, मग स्वतःला, मग देवाला. आठ मिनिटं. नवव्या मिनिटाला कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकली आणि खालोखाल आकडे आले.

“बहात्तर,” मी वाचलं. “मामा, बहात्तर दाखवतंय.”

त्यांनी गज सोडले. तळहातांवर गंजाचे पट्टे उठले होते. मनातल्या मनात काही तरी पुटपुटत बोटांवर जुळवलं. सहा आठे, सहा चोक. “बरोबर हाय,” म्हणाले, आणि लॅबच्या बाहेर जाऊन मैदानाला अशी चक्कर मारली की एनसीसीची पोरं बघत राहिली.

शनिवारी तपासणीचा माणूस आला. चोवीस जागांवर चोवीस मुलं बसवली. तास झाला. एकही पडदा अडकला नाही. प्रत्येक प्रश्नाला तो एक श्वास जास्त लागत होता आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मामा मात्र तासभर भिंतीला पाठ लावून उभे होते, आणि प्रत्येक वेळी पडदा बदलताना त्यांचे दात एकमेकांवर घट्ट बसत होते. माणूस जाताना म्हणाला, मशीन फार जुनं आहे तुमचं. पण सही करून गेला. केंद्र राहिलं.

त्या महिन्याच्या शेवटी मामा निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. खुर्ची मांडली होती, तिच्यावर त्यांनी शाल ठेवली आणि स्वतः शेजारी उभे राहिले. बोला म्हटल्यावर एवढंच बोलले, “मशीनला मधीच बंद करू नका.” लोकांना वाटलं, काहीतरी खोल बोलले. ते मशीनविषयीच बोलत होते.

परीक्षा त्यानंतरच्या मंगळवारी. आणि इथं मला जे सांगायला लाज वाटते ते सांगते. परीक्षेच्या दिवशी आत कोण असणार त्यांची यादी मीच केली होती. नियम असा की फक्त सेवेतला माणूस. मामांचं नाव मी काढलं. वर विचारून बघता आलं असतं, एक पत्र टाकता आलं असतं. मी टाकलं नाही. घाई होती म्हणाले असते कुणी विचारलं असतं तर. कुणी विचारलं नाही.

सकाळी आठला मामा गेटवर आले, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. वॉचमननं यादी दाखवली. त्यांनी वाद घातला नाही. मला निरोप धाडला, “मशीन सातलाच चालू केलंय का, तेवढं इचार.” मी हो म्हणून सांगितलं. बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभी राहण्याची माझी हिंमत झाली नाही.

पहिला पेपर साडेबाराला सुटला. मुली बाहेर पडायला लागल्या तशी मी गेटपर्यंत आले. रस्त्यापलीकडं एसटीच्या शेडपाशी मामा होते. सकाळपासून तिथंच असावेत, चहाच्या गाड्यापासून शेडपर्यंत, शेडपासून गाड्यापर्यंत. रस्ता अरुंद, पलीकडचं बोलणं इकडं ऐकू येतं.

दोन वेण्या घातलेली एक मुलगी घाईघाईनं रस्ता ओलांडून त्यांच्यापाशी गेली. सकाळी तिचं ओळखपत्र मीच तपासलं होतं. प्रियांका.

“मामा, पाथरूडची गाडी गेली का वो?”

मामा थांबले. “न्हाय अजून. यील आता.” मग तिच्याकडं नीट बघितलं. “पेपर व्हता का बाई?”

“व्हय.”

“मशीन मधीच अडकलं का?”

तिला प्रश्नच कळला नाही. “न्हाय,” ती म्हणाली. “कशाला अडकंल?”

अगं, हा माणूस बघ, हे सगळं ह्यानं केलंय, असं रस्त्याच्या मधोमध उभं राहून ओरडावंसं वाटलं. मी एक पाऊल टाकलंही. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि हाताचा पंजा नुसता वर केला. मी थांबले.

गाडी आली, बाजारच्या दिवसाची, खचाखच. मामा दाराकडं गेलेच नाहीत. पळत मागच्या बाजूला गेले आणि खांद्यावरचा टॉवेल खिडकीतून आत फेकला, एका सीटवर. “बाई, त्या टावेलावर बस जा. वाडी येईस्तवर हलू नको.” ती चढली, रेटारेटीतून पुढं गेली, बसली. गाडी निघाली तेव्हा खिडकीतून टॉवेल हलवून तिनं विचारलं, हा कसा देऊ. मामांनी हातानंच सांगितलं, राहू दे.

मग ते वालवडच्या रस्त्याला लागले. गेटासमोरूनच गेले, माझ्याकडं न बघता, भरभर. ओठ हलत होते. ‘कशाला अडकंल,’ म्हणत होते स्वतःशीच, ‘कशाला अडकंल,’ आणि हसत होते.